कौशल्याधिष्ठित सुदृढता : वेग, तोल आणि चपळाईचे शास्त्र

खो-खोच्या मैदानाची लांबी २७ मीटर आणि रुंदी १६ मीटर असते. एवढ्या जागेत शंभर मीटर शर्यतीतील एखादा विजेता धावपटू पळतीसाठी उतरवला, तर तो दोन मिनिटे टिकेल अशी ग्वाही कोणताही अनुभवी प्रशिक्षक देणार नाही. त्या धावपटूचा वेग कमी पडत नाही. वेगाला ऐन वेळी लगाम घालणे, 'खो' ऐकू येताच नव्याने उठलेल्या आक्रमकापासून दिशा बदलणे, आणि समोरचा गडी हूल देत आहे की खरोखरच सूर मारणार आहे हे त्याच्या खांद्यांवरून ओळखणे, हे मात्र त्याला साधत नाही. धावण्याच्या सरळ पट्ट्यात या गोष्टींची त्याला कधी गरजच पडलेली नसते. क्रीडाशास्त्रात ज्यांना कौशल्याधिष्ठित शारीरिक सुदृढतेचे घटक म्हटले जाते, त्यांचा विचार अशाच उदाहरणांपासून सुरू होतो.

हे घटक सर्वसाधारणपणे सहा मानले जातात : वेग, चपळाई, तोल, समन्वय, शक्ती आणि प्रतिक्रिया काल. हृदय व फुफ्फुसांचा दमदारपणा, स्नायूंची ताकद, स्नायूंचा दमदारपणा, लवचिकता आणि शरीराची घडण हे दुसऱ्या गटातील पाच घटक होत. त्यांना आरोग्याधिष्ठित सुदृढता म्हणतात. दुसऱ्या गटातील घटकांची गरज प्रत्येक माणसाला आयुष्यभर असते. पहिल्या गटाची कसोटी प्रामुख्याने खेळाच्या मैदानावर लागते, अशी ही ढोबळ विभागणी आहे. ती किती ढोबळ आहे, हे साठी ओलांडलेल्या आणि न्हाणीघरात पाय घसरून पडण्याची धास्ती बाळगणाऱ्या कोणालाही विचारावे. तोल हा घटक तेव्हा खेळाचा राहत नाही.

मराठीत या संज्ञांचा थोडा घोटाळा होतो. 'ताकद' आणि 'शक्ती' हे शब्द बोलताना आपण एकाच अर्थाने वापरतो. शास्त्रात मात्र ताकद म्हणजे स्नायूंनी लावलेला जोर आणि शक्ती म्हणजे तो जोर कमीत कमी वेळात लावण्याची क्षमता. 'चपळ' आणि 'वेगवान' यांचेही तसेच. जो भरधाव पळतो तो चपळ असेलच असे नाही.

दोन याद्या कशा झाल्या

सुदृढतेची अशी दोन गटांत विभागणी होण्यामागे एक इतिहास आहे आणि तो अमेरिकेतील शाळांशी निगडित आहे. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी हान्स क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी व युरोपीय शाळकरी मुलांची स्नायूंची किमान ताकद व लवचिकता तपासली. निम्म्याहून अधिक अमेरिकी मुले या साध्या चाचण्यांत अनुत्तीर्ण झाली. युरोपीय मुलांत हे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी होते. या निष्कर्षांनी तेथे खळबळ उडाली. १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी युवकांच्या सुदृढतेसाठी परिषद नेमली आणि १९५८ मध्ये शारीरिक शिक्षकांच्या संघटनेने देशभरासाठी चाचण्यांचा एक संच तयार केला.

गंमत अशी की, चिंता मुलांच्या आरोग्याची होती आणि संचात समाविष्ट झाले ते ५० यार्ड धावणे, उभ्याने लांब उडी, शटल रन आणि सॉफ्टबॉल फेक. म्हणजे जी मुले आधीपासून खेळत होती, त्यांनाच गुण मिळाले. ज्याने कधी चेंडू फेकलाच नव्हता, तो निरोगी असूनही मागे पडला. या विसंगतीवर बरीच वर्षे चर्चा झाल्यानंतर १९८० मध्ये त्याच संघटनेने आरोग्याशी संबंधित सुदृढतेचा स्वतंत्र संच प्रसिद्ध केला. त्यात लांब अंतराची धाव, उठाबैठकांच्या धर्तीवरील पोटाचे व्यायाम, बसून पुढे वाकणे आणि त्वचेखालील चरबीचे मापन एवढेच ठेवले गेले. वेग, चपळाई, शक्ती आदी घटक बाजूला काढले गेले आणि त्यांना 'कौशल्याशी संबंधित' अशी ओळख मिळाली. भारतातही १९५९-६० मध्ये राष्ट्रीय शारीरिक क्षमता मोहीम सुरू झाली होती. धावणे, उडी, फेक यांनाच तीत महत्त्व होते.

विभागणी सोयीची होती यात शंका नाही. तिचा एक तोटा मात्र झाला. बाजूला काढलेले घटकही पुढे घड्याळ आणि मोजपट्टी यांनीच मोजले जाऊ लागले, आणि त्यांच्या नावातील 'कौशल्य' या शब्दाचा अर्थ हळूहळू विसरला गेला.

प्रतिसादाचा क्षण

प्रतिक्रिया काल हा सहाही घटकांत मोजायला सर्वांत सोपा. इशारा मिळाल्यापासून हालचालीला सुरुवात होईपर्यंतचा वेळ म्हणजे प्रतिक्रिया काल. शाळेतही तो एका फूटपट्टीने काढता येतो. शिक्षकाने पट्टी उभी धरून अचानक सोडायची आणि विद्यार्थ्याने ती चिमटीत पकडायची. पट्टी २० सेंटिमीटर घसरली तर प्रतिक्रियेला सुमारे ०.२० सेकंद लागले. १५ सेंटिमीटरवरच पकडली गेली तर सुमारे ०.१७५ सेकंद. गुरुत्वाकर्षणाचे गणित घड्याळाचे काम करते. डोळ्यांना दिसलेल्या इशाऱ्यापेक्षा कानांनी ऐकलेल्या आणि त्वचेला जाणवलेल्या इशाऱ्यावर शरीर किंचित लवकर हलते, हेही सर्वज्ञात आहे. खो-खोत पाठीवरचा स्पर्श आणि 'खो' हा उच्चार असे दोन्ही इशारे उकिडव्या बसलेल्या गड्याला एकदम मिळतात, हे या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे. बसण्याच्या 'समांतर' आणि 'बुलेट' या पद्धतींचा सारा खटाटोप त्यानंतरच्या पहिल्या पावलासाठी असतो.

अॅथलेटिक्समध्ये या घटकाला कायद्याचे रूप मिळाले आहे. बंदुकीच्या आवाजानंतर ०.१०० सेकंदापूर्वी धावपटूने ठोकळ्यावर जोर दिला, तर त्याने आवाज ऐकण्यापूर्वीच सुरुवात केली असे गृहीत धरले जाते. २०१० पासून अशा पहिल्याच चुकीला स्पर्धेबाहेर काढले जाते. २०११ मध्ये दाएगू येथील जागतिक स्पर्धेत उसेन बोल्ट याच नियमाने शंभर मीटरच्या अंतिम फेरीतून बाद झाला. २०२२ मध्ये युजीन येथे ११० मीटर अडथळा शर्यतीच्या अंतिम फेरीत अमेरिकेचा डेव्हॉन अॅलन ०.०९९ सेकंदात हलला. एक सहस्रांश सेकंदाने त्याची शर्यत सुरू होण्याआधीच संपली. मानवी मज्जासंस्थेची मर्यादा नेमकी ०.१०० वरच आहे का, हा प्रश्न तेव्हापासून अधिक तीव्रतेने विचारला जात आहे.

परंतु लवकर सुटणारा जिंकतोच असे नाही. २००९ मध्ये बर्लिनला बोल्टने ९.५८ सेकंदांचा विश्वविक्रम केला, त्या शर्यतीत त्याचा प्रतिक्रिया काल ०.१४६ सेकंद होता. दुसरा आलेला टायसन गे आणि तिसरा आलेला असाफा पॉवेल हे दोघेही त्याच्यापेक्षा किंचित आधी सुटले होते.

क्रिकेटमध्ये तर ही गोष्ट अधिकच विलक्षण आहे. ताशी १४० किलोमीटर वेगाने आलेला चेंडू एका क्रीजपासून दुसऱ्या क्रीजपर्यंत सुमारे अर्ध्या सेकंदात पोहोचतो. थोर फलंदाजांची नजर आणि प्रतिक्रिया सामान्य माणसापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असली पाहिजे, असा समज त्यामुळे सर्वत्र आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर मॅक्लाउड यांनी १९८७ मध्ये तो तपासून पाहिला. मॅटखाली लाकडी काठ्या घालून त्यांनी चेंडू टप्पा पडल्यावर कोणत्याही बाजूला वळेल अशी व्यवस्था केली आणि अव्वल फलंदाजांच्या हालचालींचे वेगवान चित्रीकरण केले. अनपेक्षित वळण दिसल्यावर बॅटची दिशा बदलायला त्यांनाही सुमारे ०.२० सेकंद लागले. म्हणजे इतर कोणालाही लागतील तेवढेच. पुढे २००० मध्ये मायकेल लँड आणि मॅक्लाउड यांनी फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. फलंदाज चेंडू हातातून सुटताना पाहतो, नंतर काही क्षण त्याचा पाठलाग सोडून देतो आणि टप्पा जेथे पडणार तेथे नजर आधीच नेऊन ठेवतो. कुशल फलंदाजाची नजर तेथे लवकर पोहोचते. त्याला मिळणारा 'जादा वेळ' हा असा, अंदाजातून कमावलेला असतो. फूटपट्टीच्या चाचणीत तो दिसणार नाही.

चपळाई म्हणजे केवळ वळणे नव्हे

या सहा घटकांपैकी सर्वाधिक गैरसमज चपळाईबद्दल आहेत. अनेक पाठ्यपुस्तकांत तिची व्याख्या 'शरीराची दिशा त्वरेने व अचूक बदलण्याची क्षमता' अशी केलेली आढळते आणि शटल रन, 'टी' चाचणी किंवा इलिनॉय चाचणीने ती मोजली जाते. या सर्व चाचण्यांत एक गोष्ट समान आहे. कोठे वळायचे हे खेळाडूला आधीच ठाऊक असते. शंकू कधी हूल देत नाही.

ऑस्ट्रेलियातील जेरेमी शेपर्ड आणि वॉरन यंग यांनी २००६ मध्ये या व्याख्येत दुरुस्ती सुचवली. एखाद्या उद्दीपनाला प्रतिसाद म्हणून संपूर्ण शरीराचा वेग किंवा दिशा झटकन बदलणे म्हणजे चपळाई, असे त्यांनी म्हटले. 'प्रतिसाद म्हणून' हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. शेपर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळणाऱ्या ३८ खेळाडूंवर तीन चाचण्या घेतल्या. सरळ धावणे, ठरलेल्या जागी वळणे, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाची हालचाल पाहून त्यानुसार वळणे. पहिल्या दोन चाचण्यांत वरच्या श्रेणीचे आणि खालच्या श्रेणीचे खेळाडू यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. तिसऱ्या चाचणीत तो स्पष्टपणे दिसला. म्हणजे ज्या गुणामुळे एक खेळाडू दुसऱ्यापेक्षा श्रेष्ठ ठरत होता, तो नेहमीच्या चाचण्यांत पकडलाच जात नव्हता.

ज्यांनी खो-खो जवळून पाहिला आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. या खेळाचे नियमच जणू चपळाईचा प्रयोग म्हणून रचलेले आहेत. आक्रमकाने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत त्याला मागे फिरता येत नाही. मध्यपाटीही ओलांडता येत नाही. पळतीच्या गड्याला मात्र बसलेल्या गड्यांमधून नागमोडी कसेही पळण्याची मुभा असते. या विषमतेचा तोल साधला जातो तो 'खो'मुळे. क्षणात पाठलाग करणारा बदलतो आणि धोका दुसऱ्याच बाजूने येतो, कारण शेजारी-शेजारी बसलेल्या गड्यांची तोंडे विरुद्ध दिशांना असतात. त्यामुळे संरक्षकाला एका डोळ्याने पाठलाग करणारा आणि दुसऱ्या डोळ्याने त्याच्या पुढचा बसलेला गडी असे दोघांकडे लक्ष ठेवावे लागते. कोणाला खो मिळणार याचा अंदाज चुकला की पायांतला वेग निरुपयोगी ठरतो. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाच्या नियमांना प्रथम व्यवस्थित रूप दिले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी विजेतेपद मिळवले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते.

कबड्डीतील चढाईही याच जातीची. ३० सेकंद, समोर सात गडी, आणि मध्यरेषेपासून अंतिम रेषेपर्यंत पुरुषांच्या मैदानावर अवघे साडेसहा मीटर. चढाईपटू जसजसा निदान रेषेच्या आत खोल जातो, तसतसा परतीचा मार्ग लांबतो आणि पकडीची साखळी त्याच्यामागून आवळत येते. येथे खरी कसोटी परत फिरण्याच्या पहिल्या पावलाची असते.

दिशा बदलण्याची शारीरिक बाजूही आहेच. वळण्यापूर्वी थांबावे लागते, आणि जितका वेग अधिक तितके थांबणे अवघड. त्यासाठी मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावू शकले पाहिजेत, गुडघे वाकवून शरीराचा गुरुत्वमध्य खाली आला पाहिजे आणि बाहेरचा पाय शरीरापासून दूर, योग्य कोनात रोवला गेला पाहिजे. तो चुकीच्या कोनात पडला आणि गुडघा आत वळला, तर पुढचा स्नायुबंध फाटण्याचा धोका असतो. या दुखापतीत बहुतेकदा दुसरा कोणी अंगावर आलेलाही नसतो. अशा खेळांत मुलींना हा धोका मुलांपेक्षा अधिक असल्याचे अनेक पाहण्यांत दिसून आले आहे. २००८ मध्ये नॉर्वेतील किशोरवयीन फुटबॉलपटू मुलींवर झालेल्या मोठ्या अभ्यासात, एका पायावर तोल सांभाळणे, उडीनंतर नीट उतरणे आणि नियंत्रित वळणे यांचा समावेश असलेला सराव-पूर्व व्यायाम नियमित करणाऱ्या संघांत गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने कमी झाल्या. पुढे 'फिफा ११+' या नावाने तो जगभर गेला. त्याला यंत्रे लागत नाहीत, चेंडू आणि वीस मिनिटे पुरतात. खो-खो आणि कबड्डीच्या शालेय संघांनी त्याचा स्वीकार करण्यास कोणतीही अडचण नसावी.

वेग आणि शक्ती

वेगाबद्दल थोडक्यात. पावलाची लांबी आणि पावलांची वारंवारता यांचा गुणाकार म्हणजे धावण्याचा वेग. वेगवान माणूस पाय भराभर हलवतो, असे डोळ्यांना वाटते. पीटर वेयंड आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवून दिले की, पाय हवेतून पुढे आणायला वेगवान आणि संथ धावपटूंना जवळपास सारखाच वेळ लागतो. वेगवान धावपटू जमिनीवर अधिक जोर देतात, हा खरा फरक आहे. बोल्टने ताशी ४४ किलोमीटरहून अधिक वेग गाठला तो ६० मीटर पार केल्यानंतर. खो-खो, कबड्डी, बॅडमिंटन या खेळांत तेवढे अंतरच मिळत नाही. तेथे उपयोगी पडतो तो पहिल्या पाच-दहा मीटरांतील वेगवाढीचा गुण, आणि तो कमाल वेगापेक्षा वेगळा आहे. ५० मीटर धावण्याच्या एका आकड्यात हे दोन्ही एकत्र मिसळलेले असतात.

शक्ती म्हणजे जोर आणि वेग यांचा मिलाफ. जड वजन सावकाश उचलणारा माणूस ताकदवान असतो. तोच जोर निमिषात लावू शकला तर तो शक्तिमान. तिचे मापन उभ्या उडीने करण्याची कल्पना अमेरिकी शरीरशिक्षणतज्ज्ञ डडली सार्जंट यांनी १९२१ मध्ये मांडली आणि ती आजही वापरात आहे. भिंतीशेजारी उभे राहून हात वर करून खूण करायची, मग उडी मारून दुसरी खूण करायची. दोन खुणांमधील अंतर म्हणजे उडीची उंची. खो-खोतील आकाशीय सूर, व्हॉलीबॉलमधील स्मॅश, कुस्तीतील ढाक यांत हीच शक्ती दिसते. १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव अंगाने लहानखुरे होते. जोर ज्या क्षणी लावायचा त्या क्षणी लावण्याची त्यांची हातोटी प्रतिस्पर्ध्यांना भारी पडत असे.

भालाफेकीत शक्तीचा प्रवास डोळ्यांनी पाहता येतो. धावत येऊन पुढचा पाय रोवला जातो, शरीराची पुढची गती तेथे अडते आणि ती कंबर, खांदा, कोपर, मनगट अशी चढत जाऊन ८०० ग्रॅमच्या भाल्यात उतरते. २०२१ मध्ये टोकियोत नीरज चोप्राने ८७.५८ मीटरवर सुवर्णपदक मिळवले आणि मे २०२५ मध्ये दोहा येथे ९०.२३ मीटर अंतर गाठले. एवढ्या अंतरासाठी भाला हातातून ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटावा लागतो. या साखळीतील एक कडी क्षणभर लवकर किंवा उशिरा आली, की दंडातील ताकद वाया जाते. शक्ती आणि समन्वय यांच्यात रेघ कोठे ओढायची, असा प्रश्न येथे पडतो. प्रत्यक्षात ती ओढता येत नाही.

तोल, समन्वय आणि मल्लखांब

तोल राखण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून माहिती मिळत असते. डोळे, अंतर्कर्ण आणि स्नायू-सांध्यांतील संवेदक. एका पायावर उभे राहून डोळे मिटले की यांपैकी एक वाट बंद होते आणि बहुतेकांचा पाय काही सेकंदांतच टेकतो. स्थिर तोल आणि गतिमान तोल असे याचे दोन प्रकार करतात. स्थिर तोलाचे उत्तम उदाहरण नेमबाजीत सापडते. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून अशा तीन स्थितींत यात नेम साधायचा असतो. आधाराचे क्षेत्र प्रत्येक स्थितीत बदलते. उभ्या स्थितीत ते केवळ दोन पावलांएवढे उरते आणि काही किलो वजनाची रायफल शरीराच्या पुढे धरलेली असते. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले हे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक वरवर पाहता न हलणाऱ्या माणसाने मिळवले.

गतिमान तोलासाठी मात्र मल्लखांबाइतके बोलके उदाहरण विरळाच. पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी पुनरुज्जीवित केलेल्या या व्यायामप्रकारात खांबाला एरंडेल तेल लावलेले असते. पकडीची घट्टता आणि घसरण यांचा हिशेब खेळाडूला दर क्षणी मांडावा लागतो. डोके खाली, पाय वर अशा स्थितीत अंतर्कर्णाकडून येणारी माहिती नेहमीच्या सवयीच्या विरुद्ध असते आणि तरीही पुढची पकड अचूक जागी बसावी लागते. मुंबईत फेब्रुवारी २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा परदेशी खेळाडूंनीही हा हिशेब आत्मसात केल्याचे दिसले.

हे दिशाभान हरवले तर काय होते, हे २०२१ मध्ये टोकियोत जगाने पाहिले. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिने व्हॉल्टवर हवेत अडीच गिरक्या घेण्याचे ठरवले होते. प्रत्यक्षात दीडच झाल्या. आपण हवेत नेमके कोठे आहोत याची जाणीव सुटल्याचे सांगून तिने सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली. तिची शक्ती, लवचिकता, वेग यांत रात्रीत काही फरक पडला नव्हता. कोणत्याही चाचणीत ती त्या दिवशीही अव्वलच ठरली असती. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने तीन सुवर्णपदके जिंकली.

समन्वय हा घटक मोजायला सर्वांत कठीण आहे, आणि महाराष्ट्रातील शाळांनी तो न मोजताच जोपासला होता. लेझमीच्या तालावर हात, पाय आणि कान एकत्र आणणे हे त्याचेच शिक्षण. विटीदांडूत उडालेल्या विटीवर दांडू बसवणे ही डोळा-हात समन्वयाची परीक्षा आणि लंगडी ही एका पायावरच्या शक्तीची व गतिमान तोलाची. या खेळांची जागा अनेक शाळांच्या आवारात वाहनतळांनी घेतली आहे, तो विषय वेगळा.

मुलांच्या चाचण्या

आता प्रश्न उरतो तो मापनाचा. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया सुदृढता चाचणीत पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी उंची-वजनाच्या नोंदीबरोबर एका पायावर तोल सांभाळण्याची 'फ्लेमिंगो' चाचणी आणि समन्वयासाठी 'प्लेट टॅपिंग' ठेवली आहे. नऊ वर्षांपुढे या दोन्ही चाचण्या गळतात. त्यानंतर ५० मीटर धावणे, ६०० मीटर धावणे, बसून पुढे वाकणे, पोटाचे आणि दंडाचे व्यायाम असा क्रम येतो. म्हणजे कौशल्याधिष्ठित घटकांपैकी ठळकपणे उरतो तो एकटा वेग. सर्वसाधारण विद्यार्थ्याचे आरोग्य पाहण्यासाठी हे पुरेसे मानता येईल. ज्या वयात चपळाई आणि समन्वय सर्वाधिक घडतात, त्याच वयात त्यांची नोंद थांबते, ही त्रुटी मात्र खेळाडू शोधू पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवायला हवी.

महाराष्ट्रात क्रीडा प्रबोधिन्यांच्या निवडीमुळे 'बॅटरी ऑफ टेस्ट' हा शब्दप्रयोग ग्रामीण भागातील पालकांनाही परिचित झाला आहे. काही दशांश सेकंद किंवा काही सेंटिमीटर यांवर दहा-बारा वर्षांच्या मुलाची संधी अवलंबून राहते. अशा वेळी वयाचा प्रश्न मोलाचा ठरतो. १९८५ मध्ये रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी कॅनडातील आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा तपासल्या. तेथे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. निवडल्या गेलेल्या खेळाडूंत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेले भरपूर आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमधले मोजके आढळले. काही महिन्यांचे मोठेपण प्रशिक्षकांना गुणवत्ता वाटले होते. नंतर अनेक देशांत आणि खेळांत हाच प्रकार दिसून आला.

पौगंडावस्था हा गुंता आणखी वाढवते. उंची वाढण्याचा वेग मुलींत साधारण बाराव्या आणि मुलांत चौदाव्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक असतो. पण एकाच वर्गातील दोन मुलांत यात दोन-तीन वर्षांचे अंतर सहज पडते. लवकर वाढलेला मुलगा शक्ती आणि वेगाच्या चाचण्यांत पुढे जातो. झपाट्याने उंच होणाऱ्या मुलाचा समन्वय काही काळ बिघडू शकतो, हातपाय लांबलेले असतात आणि मेंदूचा जुना अंदाज चुकतो. त्या काळात घेतलेली चाचणी त्याच्यावर अन्याय करू शकते. म्हणून एका दिवसाच्या चाचणीपेक्षा सहा-सहा महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या नोंदी, त्यांच्याशेजारी उंचीची नोंद आणि प्रत्यक्ष सामन्यातील निरीक्षण यांना अधिक वजन द्यावे, असे मत अलीकडे दृढ होत आहे. त्यासाठी खर्च फारसा येत नाही. एक वही आणि ती सांभाळणारा शिक्षक लागतो.

सरावाच्या बाबतीतही काही गोष्टी आता निश्चित झाल्या आहेत. वेग, शक्ती आणि चपळाईचा सराव शरीर ताजे असताना, सत्राच्या प्रारंभी घ्यावा. दोन धावांमध्ये पुरेशी विश्रांती असावी. थकलेल्या मुलांकडून करून घेतलेल्या पन्नास शटल धावांतून दम वाढेल, चपळाई वाढणार नाही. सुरुवातीला शंकू मांडून वळण्याचे तंत्र शिकवणे योग्यच आहे. पाय कोठे रोवायचा, कंबर किती खाली आणायची, हे त्याशिवाय बसत नाही. तंत्र बसले की प्रशिक्षक शंकू उचलतो आणि त्यांच्या जागी हूल देणारा एक गडी उभा करतो.